सात, बेचाळीस आणि अठरा

मुलांनो,

जर्मनीत गटिंगेन नावाचं एक गाव आहे. तिथल्या जुन्या नगरभवनासमोरच्या चौकात एक कारंजं आहे आणि कारंज्यावर एका मुलीचा पुतळा आहे. बदकं राखणारी साधी खेड्यातली पोर. पण तिचा थाट बघा! गावातल्या विद्यापीठात कुणी पीएच.डी. झालं, की दोस्तमंडळी त्या नव्या डॉक्टरला सजवलेल्या गाड्यात बसवतात आणि ओढत ओढत या चौकात आणतात. मग हे डॉक्टरमहाशय कारंज्यावर चढतात, त्या मुलीला फुलं देतात आणि तिच्या गालाचा पापा घेतात. १९२६ साली कारंज्यावर चढायला बंदीसुद्धा घातली होती. पण ऐकतो कोण!

आज मी तुम्हाला या विद्यापीठाची गोष्ट तीन आकड्यांत सांगणार आहे. सात, बेचाळीस आणि अठरा. घाबरू नका, हा गणिताचा तास नाही. फक्त आकडे नीट लक्षात ठेवा, शेवटी मी विचारणार आहे.

हे विद्यापीठ १७३७ साली सुरू झालं. त्या वेळी गटिंगेन हॅनोव्हर नावाच्या राज्यात होतं, आणि हॅनोव्हरचा सत्ताधीश दुसरा जॉर्ज हाच इंग्लंडचाही राजा होता. पुस्तकांचा मोठा संग्रह आणि प्राध्यापकांना विचार करायला मोकळीक, यासाठी विद्यापीठ लवकरच नावारूपाला आलं. थोर गणिती गौस इथलेच. त्यांनी आणि वेबर नावाच्या त्यांच्या मित्राने १८३३ साली गावातल्या घरांच्या छपरांवरून सुमारे एक किलोमीटर तार नेली आणि विजेच्या साहाय्याने एकमेकांना निरोप पाठवले. तारयंत्राच्या पहिल्यावहिल्या प्रयोगांपैकी हा एक.

आपल्याकडचाही एक धागा सांगते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे कीलहॉर्न नावाचे जर्मन पंडित पुढे याच गटिंगेनला प्राध्यापक झाले. आणि आपले डॉ. रा. गो. भांडारकर यांना १८८५ साली ‘डॉक्टर’ ही सन्मानाची पदवी दिली तीही याच विद्यापीठाने.

आता पहिला आकडा. सात.

१८३७ साली विद्यापीठाला शंभर वर्षं झाली. मोठा समारंभ झाला. त्याच वर्षी हॅनोव्हरच्या गादीवर नवा राजा आला होता, एर्न्स्ट ऑगस्ट. त्याने काय केलं? राज्याची घटनाच रद्द करून टाकली! घटना म्हणजे राज्य कसं चालवायचं, राजाने काय करायचं आणि काय नाही, याचे नियम. राजालाच नियम नकोसे झाले.

प्राध्यापकांनी त्या घटनेची शपथ घेतलेली होती. सात जणांनी राजाच्या या कृतीविरुद्ध पत्र लिहिलं. आम्ही दिलेली शपथ मोडणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. शपथेशी खेळणारे शिक्षक, असं आमचे विद्यार्थी आम्हाला म्हणू लागले तर आमच्या शिकवण्याला काय किंमत उरेल, हा त्यांचा मुद्दा होता.

या सातांतले दोघे तुमच्या ओळखीचे आहेत. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम! होय, सिंड्रेला, हिमगौरी यांच्या गोष्टी लोकांकडून गोळा करून पुस्तकात आणणारे तेच ग्रिम बंधू. तारवाले वेबरही सातांत होते. सातही जणांची नोकरी गेली. याकोब ग्रिमसह तिघांना तर तीन दिवसांत राज्य सोडून जायचा हुकूम झाला.

बाकीचे? बाकीचे बहुतेक गप्प राहिले. थोर गौससुद्धा गप्प राहिले. वेबर त्यांचा जिवलग मित्र, सातांतले एव्हाल्ड तर त्यांचे जावई, तरीही. मोठा माणूस प्रत्येक वेळी मोठाच वागतो, असं नसतं.

पुढे विद्यापीठ सावरलं. १९०० सालानंतर तर गणित शिकायचं असेल तर गटिंगेनला जा, असं जगभर म्हणत. डेव्हिड हिल्बर्ट हे तिथल्या गणितज्ञांचे जणू कुटुंबप्रमुख. त्यांनी १९१५ साली एमी नोएथर या बाईंना बोलावून घेतलं. अफाट बुद्धीच्या बाई. पण बाईमाणसाने विद्यापीठात शिकवायचं, हे काही प्राध्यापकांना रुचेना. आपले सैनिक युद्धावरून परत येतील, त्यांनी काय एका बाईच्या पायाशी बसून शिकायचं, असा त्यांचा सवाल. तेव्हा हिल्बर्ट म्हणाले असं सांगतात, की अहो, ही विद्यापीठाची सभा आहे, सार्वजनिक न्हाणीघर नव्हे! तरी १९१९ पर्यंत नोएथरबाईंचे वर्ग हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर व्हायचे. फळ्यावर नाव सरांचं, शिकवायच्या बाई.

पदार्थविज्ञानातही तेच वैभव. मॅक्स बॉर्न आणि जेम्स फ्रांक हे दोन मित्र इथे प्राध्यापक होते. १९२५ साली बॉर्न यांचा तरुण सहकारी हायझेनबर्ग याने अणूच्या आत काय चालतं याचं नवं गणित मांडायला सुरुवात केली. त्याच वर्षाचं नोबेल पारितोषिक फ्रांक यांना मिळालं. अमेरिकेचा ओपेनहायमर इथेच शिकून डॉक्टर झाला.

आणि मग आलं १९३३. आता दुसरा आकडा. बेचाळीस.

जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. ७ एप्रिलला कायदा निघाला : ज्यू घराण्यात जन्मलेल्यांना आणि सरकारच्या विरोधकांना सरकारी नोकरीतून काढून टाका. प्राध्यापक हेही सरकारी नोकरच. तुम्हाला काय येतं हा प्रश्नच नाही. तुमचे आजी-आजोबा कोण, एवढंच विचारायचं.

जेम्स फ्रांक ज्यू होते. पण पहिल्या महायुद्धात ते जर्मनीसाठी आघाडीवर लढले होते आणि अशा लोकांना कायद्यात सवलत होती. म्हणजे त्यांची नोकरी सुरक्षित होती. गप्प बसले असते तर? पण १७ एप्रिलला त्यांनी स्वतःहून राजीनामा दिला. माझ्या बांधवांना या देशात परक्यासारखं, शत्रूसारखं वागवत असताना मी सवलत घेणार नाही, असा त्याचा अर्थ होता.

आता तुम्हाला वाटेल, की सहकारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले असतील. एका आठवड्यात विद्यापीठातल्या बेचाळीस शिक्षकांनी सही करून पत्रक काढलं. कुणाविरुद्ध? फ्रांक यांच्याविरुद्ध! या राजीनाम्यामुळे परदेशात जर्मनीची बदनामी होईल, असा आरोप त्यांनी केला. वर, सरकारने ही ‘साफसफाई’ लवकर उरकावी, अशी आशाही व्यक्त केली. बेचाळीस शिकलेली माणसं! विद्यार्थी ज्यांच्याकडे मान वर करून बघत, अशी.

दुसऱ्याच दिवशी पहिल्या सहा जणांना कामावरून दूर केलं गेलं. त्यांत मॅक्स बॉर्न होते आणि नोएथरबाई होत्या. बॉर्न यांना ही बातमी वर्तमानपत्रातून कळली. १० मे रोजी गावात पुस्तकांची होळी झाली. नोएथरबाई अमेरिकेला गेल्या आणि १९३५ साली तिथेच वारल्या. बॉर्न इंग्लंडला गेले. त्यानंतर सर सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून १९३५-३६ मध्ये काही महिने आपल्या बंगलोरलाही येऊन राहिले. जे वैभव उभं करायला दोनशे वर्षं लागली, ते काही महिन्यांत रिकामं झालं. इमारती तशाच होत्या. बाकं, फळे, खडू, सगळं होतं. शिकवणारी माणसं नव्हती.

एक प्रसंग सांगतात. शिक्षणमंत्र्यांनी भोजनसमारंभात म्हाताऱ्या हिल्बर्टना विचारलं, ‘आता ज्यू गेले, गटिंगेनमधलं गणित कसं काय आहे?’ हिल्बर्ट म्हणाले, ‘गणित? आता इथे गणित उरलंच नाही.’

१९४३ साली हिल्बर्ट वारले तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेला जेमतेम दहा-बारा माणसं होती. शिष्य सगळे जगभर पांगलेले.

महायुद्ध संपलं. १९४५ सालच्या सप्टेंबरात गटिंगेन विद्यापीठ पुन्हा उघडलं. युद्धानंतर दारं उघडणारं ते जर्मनीतलं पहिलं विद्यापीठ. आणि १९५७ साली तिसरा आकडा लिहिला गेला. अठरा.

त्या वेळी पश्चिम जर्मनीच्या सैन्याला अण्वस्त्रं द्यावीत, असा सरकारचा विचार चालू होता. अठरा शास्त्रज्ञांनी एक जाहीर पत्रक काढलं : ही लहान शस्त्रं नव्हेत, यातलं एकेक हिरोशिमासारखा विध्वंस करू शकतं, ती बनवण्याच्या, वापरण्याच्या कोणत्याही कामात आम्ही भाग घेणार नाही. सह्या करणाऱ्यांत हायझेनबर्ग होते, आणि जर्मनीला परत आलेले मॅक्स बॉर्नही. जगाने या अठरांना नाव दिलं ‘गटिंगेनचे अठरा’. एकशे वीस वर्षांपूर्वीच्या ‘गटिंगेनच्या सातां’ची आठवण लोक विसरले नव्हते.

१९५३ साली गावाने बॉर्न आणि फ्रांक यांना सन्माननीय नागरिक केलं. १९६४ साली फ्रांक अमेरिकेहून जुन्या मित्रांना भेटायला आले आणि गटिंगेनमध्येच त्यांना मृत्यू आला. बॉर्न यांची समाधी गावाच्या दफनभूमीत आहे. तिच्यावर त्यांचं आवडतं समीकरण कोरलंय.

तर मुलांनो, सांगा पाहू आकडे. सात, बेचाळीस, अठरा. सातांची नावं आजही शाळेतली मुलं शिकतात. बेचाळिसांतलं एक तरी नाव तुम्ही ऐकलंय का? मीही शिक्षिका आहे. मी त्या वेळी तिथे असते तर कोणत्या आकड्यात असते? मी नक्कीच सातांत असते, असं तुम्हाला छातीठोकपणे सांगायला मला आवडलं असतं. पण खरं सांगू? ते तशी वेळ आल्याशिवाय कुणालाच कळत नाही. म्हणून छोट्या वेळांची सवय लावून घ्यायची. वर्गात एखाद्याला सगळे मिळून चिडवतात, तेव्हा आपण काय करतो? हसतो, खाली मान घालून बसतो, की त्याच्या बाकावर जाऊन बसतो?

या आठवड्याचं काम तेवढंच. उत्तर मला पाठवू नका. वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, तारीख घाला, आणि वर्षभराने पुन्हा वाचा. आई-बाबांनीही लिहिलं तर चालेल!

तुमच्या बाई