उपऱ्यांचीच मंडई

मंडईच्या परिसरात सध्या एक अर्ज सह्यांसाठी फिरतो आहे. 'बाहेरून आलेल्या' पथारीवाल्यांना व हातगाडीवाल्यांना येथून हटवावे, त्यांच्यामुळे मूळच्या पुणेकरांचा धंदा बुडतो आहे, अशी त्यात मागणी आहे. असे अर्ज नवे नाहीत, आणि ते कोणाच्या प्रेरणेने निघतात हेही आपण जाणतो. तेवढ्यावरून लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. परंतु ह्या अर्जावर आपल्या चळवळीत वावरणाऱ्या दोघांच्या सह्या आहेत आणि तिसरी सही माझ्या सख्ख्या धाकट्या भावाची आहे. तेव्हा हा प्रश्न आता आपल्या घरातला झाला आहे आणि त्याची चर्चा उघडपणे होणे आवश्यक आहे.

म्हणून आधी घरातलेच सांगतो. माझे वडील १९७३ साली बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यातून पुण्यात आले. लागोपाठ पावसाने दगा दिला होता, विहिरी आटल्या होत्या, जनावरे कवडीमोलाने विकली गेली होती. खडी फोडण्याच्या दुष्काळी कामावर काही महिने काढले, सुकडी खाल्ली, मिलोच्या भाकरी खाल्ल्या. आणि मग गावच्या दोघांबरोबर ते पुण्याच्या वाटेला लागले. मंडईच्या आवारात रात्री अंग टाकायचे आणि पहाटे गाड्या आल्या की पोती उचलायची, हा त्यांचा क्रम. दोन वर्षांनी आई आली. तिने लसूण-मिरचीचे वाटे लावून पथारी मांडली. पहिली कित्येक वर्षे मंडईत वडिलांना कोणी नावाने हाक मारली नाही. 'ए दुष्काळ्या' हेच त्यांचे नाव होते. दुष्काळ्यांनी हमालीचे दर पाडले, ही त्यांच्याविरुद्धची मुख्य तक्रार होती. आणि साथींनो, ती तक्रार खोटी नव्हती. जुने हमाल ज्या दरात पोते उचलायला नकार देत, त्याहून कमी दरात माझे वडील ते उचलत. कारण गावाकडे माझी आजी उपाशी होती.

ज्या भावाने आज त्या अर्जावर सही केली, तो आईच्या त्याच पथारीवर लहानाचा मोठा झाला. आज त्याचा गाळा आहे. त्याच्या गाळ्यासमोर उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यातून आलेला एक तरुण फळांची हातगाडी लावतो. बुंदेलखंडातला तो भागही अवर्षणाने पिचलेला. माझ्या वडिलांना पुण्यात आणणारे कारण आणि ह्या तरुणाला पुण्यात आणणारे कारण एकच आहे. फरक आहे तो पन्नास वर्षांचा आणि बोलीचा.

आता 'मूळचे पुणेकर' ह्या शब्दप्रयोगाकडे वळू. ज्या वास्तूच्या सावलीत हा अर्ज लिहिला गेला, तिच्यावर नाव कोणाचे आहे? १८८६ मध्ये ही अष्टकोनी मनोऱ्याची इमारत उभी राहिली, तेव्हा तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले होते. पुढे आचार्य अत्रे यांनी नगरपालिकेत पुढाकार घेतला आणि तिची महात्मा फुले मंडई झाली. आणि हे फुले कोण? चरित्रकार सांगतात ती हकिगत अशी : हे घराणे मूळचे गोऱ्हे, सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. जोतिरावांचे पणजोबा तेथे चौगुला होते. कुलकर्ण्याच्या जाचाला कंटाळून त्यांनी त्याचा खून केला आणि परागंदा होऊन पुरंदर तालुक्यातील खानवडीला आश्रय घेतला. आजोबा शेटिबा तेथून दारिद्र्याने पुण्यात आले. त्यांची मुले फुलमाळ्याच्या हाताखाली काम शिकली, पेशव्यांना फुले पुरवू लागली आणि धंद्यावरून त्यांना फुले हे नाव पडले. घराण्याचे मूळ आडनाव मागे पडले आणि शहराने ठेवलेले नाव पुढे चालले. पेशव्यांकडून मिळालेली जमीन थोरल्या भावाने बळकावल्यावर धाकट्या गोविंदरावांनी भाजीचे दुकान घातले. भाजी विकणाऱ्या ह्या स्थलांतरिताच्या पोटी १८२७ मध्ये जोतिराव जन्मले.

म्हणजे परागंदा झालेला पणजा, भाकरीच्या शोधात शहरात आलेला आजा, भाजीवाला बाप आणि त्यानंतर जोतिराव. ह्या अर्जाचा न्याय त्या काळी लावला असता, तर शेटिबांना शहराच्या वेशीवरूनच परत पाठवावे लागले असते. मग १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा कोणी काढली असती?

येथे आणखी एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. नगरपालिकेचे सभासद असताना जोतिरावांनी ह्या मंडईच्या इमारतीवरील खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. दगडी वास्तूपेक्षा माणूस मोठा मानणाऱ्याचे नाव आपण त्याच वास्तूला दिले. निदान त्या नावाखाली उभे राहून माणसे हटवण्याचे अर्ज लिहू नयेत, एवढी लाज आपल्याला असावी.

कोणी म्हणेल, ही एका महापुरुषाची अपवादात्मक कहाणी झाली. तसे नाही. उपाशी गावातून मोठ्या शहरात आलेल्या माणसांचा इतिहास जगभर सारखाच आहे, आणि त्यातील धोकाही सारखाच आहे. जोतिरावांनी १८७३ मधील आपली 'गुलामगिरी' ज्या देशातील सज्जनांना गुलामांच्या मुक्तीबद्दल अर्पण केली, त्या अमेरिकेचेच उदाहरण घ्या.

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने बुडाले. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. लोक मरत होते तेव्हाही त्या देशातून धान्य बाहेर जात होते; मालक इंग्रज जमीनदार होते आणि राज्यही इंग्रजांचे होते. न्यूयॉर्क, बॉस्टन ह्या शहरांत उतरलेल्या आयरिशांना गोदीवरची ओझी, कालव्यांची खोदाई, श्रीमंतांच्या घरची धुणीभांडी एवढीच कामे मिळाली. नोकरीच्या जाहिरातींत 'आयरिशांनी अर्ज करू नये' असे छापले जाई. ते मजुरी पाडतात, ते घाणीत राहतात, त्यांचा धर्म वेगळा, ते रोगराई आणतात : मंडईतल्या अर्जातील एकही वाक्य त्यांना नवे वाटले नसते.

त्यांच्यापैकी एक कुटुंब बॉस्टनला उतरले. पॅट्रिक केनेडी हा वेक्सफर्ड परगण्यातून आलेला, लाकडी पिंपे बनवणारा कारागीर. १८५८ मध्ये तो कॉलऱ्याने मेला. त्याची विधवा ब्रिजेट हिने एक छोटे दुकान चालवून मुले वाढवली. मुलाने दारूचा गुत्ता काढला आणि मग तो वस्तीच्या राजकारणात शिरला. १९६० मध्ये त्या पॅट्रिकचा पणतू जॉन केनेडी अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून निवडून आला. ही कथा अमेरिकन वृत्तपत्रे मोठ्या कौतुकाने सांगत असतात; पुण्याच्या पेठांतही तशा यशोगाथा सांगणारे पुष्कळ आहेत.

पण ह्याच इतिहासाचे दुसरे पान समाजवाद्याने वाचले पाहिजे. जुलै १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध दंगल झाली. ज्याच्याजवळ तीनशे डॉलर असतील त्याने ते भरून सुटावे, ज्याच्याजवळ नसतील त्याने मरायला जावे, असा तो कायदा होता. आयरिश मजुरांचा संताप न्याय्य होता. परंतु तो संताप तीनशे डॉलर भरून सुटणाऱ्यांच्या हवेल्यांवर फारसा कोसळला नाही. तो कोसळला गोदीवर त्यांच्याच शेजारी ओझी उचलणाऱ्या काळ्या मजुरांवर. जमावाने काळ्या अनाथ मुलांचा आश्रम जाळला. रस्त्यांत काळ्या माणसांना फाशी दिले. अठरा वर्षांपूर्वी जे स्वतः उपाशी पळाले होते, त्यांनी आपल्याहून दुबळा कोण आहे ते शोधून काढले आणि त्याच्या रक्ताने आपला 'स्थानिक'पणा सिद्ध केला.

त्याच साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई यांनी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. पुढे अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच डॉ. यशवंत. स्थलांतरिताच्या कुटुंबापुढे हे दोन्ही रस्ते असतात. आपण वर आलो की खालची शिडी काढून घ्यायची, किंवा आपल्या घराचे दार उघडायचे.

कार्ल मार्क्सने १८७० मध्ये आपल्या मित्रांना लिहिलेल्या एका पत्रात इंग्रज आणि आयरिश कामगारांमधील वैराचे विवेचन केले आहे. संघटना असूनही इंग्लंडचा कामगार दुर्बळ का, ह्याचे रहस्य त्याला ह्या वैरात दिसले. मालकवर्ग हे वैर जाणीवपूर्वक जोपासतो, असेही त्याने दाखवून दिले. हे विवेचन आपण अभ्यासवर्गात शिकवतो. प्रश्न असा आहे की, अभ्यासवर्ग संपवून मंडईत उतरल्यावर ते आपल्याला का आठवत नाही?

आता अर्जवाल्यांचे मुद्दे. ते सगळेच टाकाऊ आहेत असे मी म्हणणार नाही.

पहिला मुद्दा, नवे लोक कमी पैशात काम करतात. खरे आहे. माझ्या वडिलांनीही तेच केले. परंतु ह्या दुखण्यावर औषध कोणते निघाले? दुष्काळ्यांना परत पाटोद्याला हाकलल्याने दर वाढले नाहीत. डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना एकत्र आणले, आणि त्या लढ्यांतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. ह्या कायद्याने कामगार कोण हे त्याच्या पाठीवरच्या ओझ्यावरून ठरवले, गाव किंवा बोली विचारली नाही. नोंदणी, ठरलेला दर, भविष्यनिर्वाह निधी ह्या गोष्टी आल्या, तेव्हा 'दुष्काळ्या' हा शब्द हळूहळू ऐकू येईनासा झाला. माझे वडील पंचायतीचे सभासद झाले त्या दिवसापासून त्यांनी कमी दरात एकही पोते उचलले नाही. स्वस्त मजूर जन्माने स्वस्त नसतो. तो एकटा असतो म्हणून स्वस्त असतो.

दुसरा मुद्दा, जागा अपुरी आहे. हेही खरे. पण जागेचे वाटप कसे करावे ह्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. आधी सर्वेक्षण करावे, ते पुरे होईतो कोणाला हटवू नये, नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे तो कायदा सांगतो. त्या कायद्याची मागणी करणारा अर्ज घेऊन कोणी फिरताना मला दिसले नाही. कारण उघड आहे. सर्वेक्षण झाले तर कोणत्या पथारीमागे कोण बडा माणूस आहे आणि रोजचे भाडे कोण उकळतो, हेही बाहेर येईल. बांद्याच्या तरुणाला हटवणे त्यापेक्षा सोपे!

तिसरा मुद्दा मराठीचा. येथे राहणाऱ्याने मराठी शिकावे, ही अपेक्षा रास्त आहे आणि ती आपण सोडता कामा नये. परंतु मंडईत उभा राहणारा माणूस ती सहा महिन्यांत शिकतो, कारण त्याचे गिऱ्हाईक मराठी आहे. वर्षानुवर्षे येथे राहून मराठीचा एक शब्दही न शिकणारे लोक बंगल्यांत आणि मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत बसतात. त्यांच्या दारात असा अर्ज घेऊन कोणी गेल्याचे ऐकिवात नाही.

ह्या विचाराचा शेवट कोठे होतो, ते आपण पाहिले आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये मारहाणीच्या भीतीने नाशिक-पुण्यातून उत्तर भारतीय मजूर रेल्वेगाड्या भरभरून निघून गेले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी पुकारली गेली, तेव्हा ज्यांनी ही शहरे बांधली त्यांना त्या शहरांत महिनाभर राहण्याची सोय उरली नाही. ते पायी निघाले. ८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते मध्य प्रदेशातले होते आणि जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबत होते. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या सर्वांनी पाहिल्या. त्या दिवशी आपण सर्वांनी अश्रू ढाळले. रुळावरच्या मेलेल्या परप्रांतीयासाठी अश्रू आणि हातगाडीवरच्या जिवंत परप्रांतीयासाठी हकालपट्टीचा अर्ज, हा कोणता समाजवाद?

भावाशी मी बोललो. तो म्हणाला, "दादा, तू लेख लिहितोस, मला गाळ्याचं भाडं भरावं लागतं." त्याचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. मंडईतल्या छोट्या गाळेवाल्याचे गिऱ्हाईक कमी होत आहे, हे सत्य आहे. परंतु ते हातगाडीने पळवले की मोठ्या भांडवलाच्या वातानुकूल दुकानांनी आणि घरपोच भाजी पोचवणाऱ्या कंपन्यांनी, ह्याचा हिशेब आपण त्याच्याबरोबर बसून कधी मांडला? आपण मांडला नाही, म्हणून दुसऱ्यांनी त्याला सोपे उत्तर दिले. ही त्याची चूक आहे, तशीच ती आपलीही आहे.

तेव्हा साथींनो, ज्या दोघांनी सह्या केल्या त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई करा असे मी म्हणत नाही. त्यांनी सह्या मागे घ्याव्यात, एवढे मात्र स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आणि त्या जागी आपण दुसरा अर्ज लिहू : पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण करा, समितीच्या निवडणुका घ्या, भाडे उकळणाऱ्यांना बाहेर काढा, राबणाऱ्याला, मग तो पाटोद्याचा असो की बांद्याचा, परवाना द्या. त्या अर्जावर पहिली सही मी करीन. दुसरी बांद्याच्या त्या तरुणाची मिळेल. मी त्याला विचारले आहे. तिसऱ्या सहीसाठी उद्या सकाळी भावाच्या गाळ्यावर पुन्हा जाणार आहे. आईला बरोबर नेईन. ती पथारी कोणी आणि कशी मांडली होती, हे तिच्याइतके चांगले त्याला कोणी सांगू शकणार नाही.