मोडके विमान विकत घेताना

आमच्या एका जुन्या वाचकांचे चिरंजीव अमेरिकेत नोकरीस आहेत. तेथे एका शेतकऱ्याच्या कोठारात पडून असलेले मोडके अल्ट्रालाइट विमान विकत घ्यावे, एकदोन हिवाळे खपून ते दुरुस्त करावे आणि मग त्यातून उडावे, असे त्यांनी मनात घेतले आहे. ‘त्यास चार शब्द सांगा,’ असे वडिलांनी आम्हांस लिहिले. हा छंद तिकडे पुष्कळांस असल्यामुळे आम्ही या विषयाचा थोडा शोध घेतला. चार शब्द सांगण्याजोगे आहेत. परंतु ते केवळ ‘नको’ असे नाहीत.

अल्ट्रालाइट म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्यास ताणून धरणाऱ्या पोलादी तारा, पंखांवर कापड, एक आसन आणि एक लहानसे इंजिन. कॅलिफोर्नियातील ‘क्विकसिल्व्हर’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. मुळात ते डोंगरउतारावरून झेपावण्याचे इंजिनरहित यान. इंजिन मागाहून आले. अमेरिकेत १९८२ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे रिकाम्या यानाचे वजन २५४ पौंडांहून, म्हणजे सुमारे ११५ किलोंहून कमी असावे. इंधन ५ अमेरिकन गॅलनपेक्षा, म्हणजे सुमारे १९ लिटरपेक्षा अधिक मावू नये. आणि पूर्ण शक्ती लावूनही सरळ उड्डाणात वेग ताशी सुमारे १०० किलोमीटरच्या पुढे जाऊ नये. या चौकटीत बसणाऱ्या एकआसनी यानास नोंदणी लागत नाही, उडविणाऱ्यास परवाना लागत नाही आणि यान उडण्यास योग्य असल्याचा सरकारी दाखलाही लागत नाही. (भारतात अशी मोकळीक नाही, येथे मायक्रोलाइट विमानाची नोंदणी करावी लागते.)

सारी मेख या मोकळिकीतच आहे. दाखला देणारा अधिकारी नाही, याचा अर्थ त्या अधिकाऱ्याचे काम विकत घेणाऱ्याच्या शिरावर येते.

चाक मोडले आहे, नाकाकडची नळी वाकली आहे, हे कोणासही दिसते आणि त्यामुळे किंमत उतरते. आमच्या मते त्याचे भय फारसे नको. वाकलेली नळी काढावी आणि त्याच जातीची, त्याच जाडीची नवी घालावी. भय आहे ते पूर्वी कोणीतरी ठोकून सरळ केलेल्या नळीचे. कारण अशा नळीचा कस गेलेला असतो आणि वरून रंग दिला की काही कळत नाही. म्हणून प्रत्येक नळीस एका टोकाशी डोळा लावून पाहावे, आणि बोल्टची भोके गोल आहेत की लांबट झाली आहेत हेही तपासावे. तारांवरून चिंधी फिरवावी. तुटलेला एखादा धागा असला तर ती तेथे अडकते.

पंखांचे कापड अधिक फसवे. डॅक्रॉनच्या या कापडास ऊन खाते; ते दिसावयास धडधाकट आणि आतून जीर्ण असू शकते. इंग्लंडात यासाठी ‘बेट्सोमीटर’ नावाचे छोटे उपकरण वापरतात. त्याची सुई कापडात खुपसून ठरावीक जोराने ओढावयाची. कापड फाटले तर ते बाद. कापड जागच्या जागी फाटलेले बरे, हवेत नव्हे.

इंजिन बहुधा ऑस्ट्रियातील रोटॅक्स कारखान्याचे, दुहेरी धावेचे म्हणजे टू-स्ट्रोक असते. पंखा जमिनीवर आपटला होता काय, हा प्रश्न विक्रेत्यास पहिल्याने विचारावा. या इंजिनाचा क्रँकशाफ्ट अखंड नसून निरनिराळे भाग दाबून जोडलेला असतो. चालता पंखा एकाएकी थांबला की तो सांध्यात पिळवटू शकतो, आणि नवा पंखा बसविल्याने तो दोष जात नाही. विमान वर्षानुवर्षे पडून असेल तर आतील रबरी सील सुकलेले असतात. दर ३०० तासांनी अथवा ५ वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, हे इंजिन संपूर्ण उघडावे असे कारखानाच सांगतो. तेव्हा ‘हे फार थोडे तास चालले आहे’ या विक्रेत्याच्या बोलण्यावर भुलू नये. इंजिन उघडण्याचा आणि नव्या कापडाचा खर्च विचारूनच सौद्याची गोष्ट काढावी.

आणखी एक खोच आहे. दुरुस्त करणारा भला माणूस ‘असू दे थोडे भक्कम’ म्हणून येथे पट्टी, तेथे जाड नळी घालतो; वजनाचा काटा २५४ पौंडांच्या पुढे सरकतो आणि कायद्याच्या दृष्टीने ते यान अल्ट्रालाइट राहत नाही. म्हणून काम संपल्यावर ते तोलून पाहावे.

ज्यास लवकर उडावयाचे आहे त्याने धड विमान घ्यावे. ज्यास पान्हा हाती धरून संध्याकाळ घालविण्यातच आनंद आहे, त्यासच मोडके शोभते. आणि आमचे वाचक लिहितात त्यावरून चिरंजीव याच दुसऱ्या जातीचे दिसतात. मग त्यांस अडवू नये. मात्र कायदा परवाना मागत नसला तरी दोन आसनांच्या विमानात शिक्षकापाशी बसून उड्डाण शिकावे, हे वडिलांनी हक्काने मागून घ्यावे.

शिवाय एक वही ठेवावी: कोणती नळी बदलली, कोणते बोल्ट नवे, क्रँकशाफ्ट कोणी तपासला, हे तारीखवार. पुढे विमान विकले तर ती वहीही गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी, आणि पूर्वीचा अपघात तिच्या पहिल्या पानावर लिहिलेला असावा.