स्टेपनी कोठें असावी?

शाळेच्या वार्षिकांत लेख लिहावयाचा तो कांहीं उदात्त विषयावर, असा आपल्याकडे प्रघात आहे. तेव्हां मोटारीचें जादा चाक गाडीच्या कोणत्या अंगास टांगावें, ह्या प्रश्नावर आम्ही दोन पानें भरणार हें पाहून कित्येक वाचकांस हंसूं येईल. येवो बापडें. गेल्या श्रावणांत एका पाणंदींत गुडघाभर चिखलांत उभें राहून आम्हांस हाच प्रश्न पडला होता, आणि त्या वेळीं हंसावयास कोणीहि मोकळें नव्हतें.

आमचें कबनूर इचलकरंजीस इतकें लागून आहे कीं, एका गांवच्या मागांची खडखड कोठें संपते व दुसऱ्याची कोठें सुरू होते हें परक्यास सांगतां यावयाचें नाहीं. डांबरी रस्त्यावर तेथें कोणतीहि गाडी चालते. परंतु रस्ता सोडून मळ्याकडे वळलें कीं पाणंद लागते. दोहों बाजूंस पुरुषभर ऊस, मधें बैलगाड्यांनीं व ट्रॅक्टरांनीं पाडलेल्या खोल चाकोऱ्या, आणि पावसाळ्यांत त्या चाकोऱ्यांत काळा, चिकट गारा. आडवाटेच्या गाड्यांच्या जाहिरातींत वाळवंटें व डोंगर दाखवितात. आमच्या भागांत आडवाट म्हणजे ही पाणंद. २००५, २०१९ आणि २०२१ सालीं पंचगंगेस महापूर आले, तेव्हां नदीकांठच्या गांवांतून तर डांबरी रस्ते देखील कांहीं दिवस पाणंदीसारखे झाले होते.

आमच्या एका स्नेह्यांजवळ चारहि चाकांस जोर पोंचणारी उंच गाडी आहे. तिची स्टेपनी मागल्या बाजूस, बुडाखालीं, तारेच्या दोरानें टांगलेली असते. त्या दिवशीं तिन्हीसांजेस निरोप आला कीं, मळ्यांतील वस्तीवर एका वृद्ध बाईंस दम लागला आहे, आणि रुग्णवाहिका पाणंदीच्या तोंडाशींच थांबून राहिली आहे. आम्ही दोघे निघालों. जातांना कांहीं झालें नाहीं. परततांना बाई मागल्या बांकावर निजलेल्या, त्यांचा मुलगा उशाशीं, अशा स्थितींत मागील डावें चाक कशावरून तरी गेलें आणि गाडी एका अंगावर बसली. चिखलांत नांगराचा मोडका फाळ रुतलेला होता. त्यानें टायरची कडच उभी चिरली होती.

जॅकखालीं फळी घालून गाडी कशीबशी उचलली. बंपरच्या भोंकांतून लांब दांडा आंत सारून तो फिरविला म्हणजे एक लहानसा रहाट फिरतो, दोर सैल होतो व स्टेपनी जमिनीवर उतरते, अशी ही योजना. दांडा अर्धा वेढा फिरला आणि अडला. दोन पावसाळ्यांचा चिखल व गंज यांनीं रहाट धरून ठेवला होता. शिवाय चाक बसल्यामुळें गाडी इतकी खालीं आली होती कीं, दोर सुटता तरी स्टेपनी बाहेर ओढण्यास जागा नव्हती. जवळच्या वस्तीवरून टॉर्च घेऊन आलेला चवदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा म्हणाला, “मास्तर, तुमी सरा बाजूला. मी आत शिरून लाथ घालतो की.” आणि आम्ही नको म्हणण्यापूर्वीं तो निम्मा आंत गेला. खरें सांगावयाचें तर आम्हीं नको म्हटलेंच नाहीं. वर बाईंची धांप ऐकूं येत होती, आणि पोर खालीं असतांना जॅकची फळी बोटभर घसरली. गाडी कोसळली नाहीं, मुलगा पाय ओढून बाहेर आला, एवढें दैव बलवत्तर. त्यानंतर कोणीहि खालीं गेलें नाहीं. शेवटीं बाईंस खाटेवर घालून चौघांनीं पाणंदीच्या तोंडापर्यंत वाहून नेलें. चार दिवसांनीं त्या बऱ्या होऊन घरीं आल्या. तें चाक दुसऱ्या दिवशीं उजेडीं उतरविलें, तेव्हां त्यांतील हवाहि निम्मी गेलेली आढळली.

स्टेपनी हा शब्द आपण मराठीच समजून वापरतों, परंतु तो वेल्स प्रांतांतील लानेली गावच्या स्टेपनी नांवाच्या रस्त्यावरून आलेला आहे. १९०४ सालीं तेथील डेव्हिस बंधूंनीं एक युक्ति काढली. त्या काळीं मोटारीचीं चाकें कायमचीं बसविलेलीं असत, व घोड्यांच्या नालांच्या खिळ्यांनीं टायर फुटला कीं रस्त्यांतच तो उकलून ट्यूब दुरुस्त करावी लागे. डेव्हिस बंधूंनीं आऱ्या नसलेली, हवा भरलेल्या टायरसह एक धांव बनविली. ती फुटलेल्या चाकास बाहेरून पकडींनीं आवळावयाची कीं गाडी पुढें चालूं लागे. त्या काळच्या इंग्रजी साम्राज्याबरोबर हा माल सर्वत्र गेला. पुढें चाकें सुटीं काढतां येऊं लागलीं व त्या युक्तीची गरज सरली. नांव मात्र आपल्या पंक्चरवाल्यांच्या तोंडीं राहिलें. तें यंत्र निघालें तें रस्त्यावर अडकलेल्या एकट्या मनुष्याचा खोळंबा थोडा व्हावा म्हणून, हें येथें विसरतां कामा नये. अडकलेल्याच्या हातास जें सहज लागत नाहीं तें जादा चाक म्हणजे केवळ ओझें होय, असें आमचें मत आहे.

ह्या दृष्टीनें पाहतां जागा पांच-सहाच आहेत. टपावर ठेवण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ आहे. मागील दार मोकळें राहतें, ही तिची सोय. परंतु आडवाटेच्या गाडीचें भरदार चाक २५ ते ३५ किलोंचें असतें. तेवढा भार सर्वांत उंच जागीं चढविला कीं उतरत्या बांधावर तिरपी झालेली गाडी उलटण्यास तेवढीच मदत होते. आणि अंधारांत, पावसांत एकट्यानें तें चाक डोक्यावरून उतरविणें ही तालीम सर्वांस साधणारी नव्हे. बॉनेटवर चाक ठेवण्याची रीत १९४८ पासून निघालेल्या लँड रोव्हर गाड्यांनीं प्रसिद्ध केली. ती दिसते रुबाबदार. पण ठेंगण्या चालकाची पुढची दृष्टि अडते, व इंजिन पाहावयाचें तर झांकणाबरोबर चाकहि उचलावें लागतें. आंत बैठकीमागें ठेवावें तर माणसांची व सामानाची जागा जाते, आणि पट्ट्यांनीं घट्ट न बांधलें तर गाडी उलटतांना तेंच चाक आंतल्या माणसांवर येतें.

बाजूस टांगण्याचा इतिहास मनोरंजक आहे. १९४१ सालच्या लष्करी जीपची स्टेपनी पाठीवर होती, कारण त्या जीपच्या पाठीस दारच नव्हतें. शिपाई बाजूंनीं चढत. १९४५ सालीं तीच जीप शेतकऱ्यांसाठीं निघाली, तेव्हां माल चढविण्यासाठीं मागें फळका आला व स्टेपनी कुशीस गेली. आपल्या देशांत महिंद्र कंपनीनें १९४७ पासून विलीस जीपा जुळविण्यास प्रारंभ केला. मालाची सोय पाहून चाकाची जागा ठरविण्याची ही रीत शहाणपणाची होती यांत शंका नाहीं. परंतु आमच्या पाणंदींत दोहों बाजूंस ऊस लागलेला, गांवांतील बोळांत दोहों बाजूंस भिंती. तेथें वीतभर रुंदीहि महाग पडते.

राहिलीं बूड व पाठ. बुडाच्या बाजूनें आमचे स्नेही जें बोलतात तें सर्वस्वीं चूक नाहीं. भार खालीं राहतो, मागची कांच मोकळी राहते, दार हलकें उघडतें. ज्याची गाडी डांबरावरच धांवावयाची त्यानें खुशाल बुडाखालीं चाक ठेवावें. परंतु खड्ड्यांतून वर चढतांना गाडीचा शेपटाकडील भाग जमिनीस टेकूं नये म्हणून तो जितका उचललेला असेल तितका बरा. तेथेंच खालीं चाक टांगलें तर तें बांधावर घांसतें. चिखल त्यावर नित्य उडतो. आणि मुख्य म्हणजे तें कोणास दिसत नाहीं. पाठीवरच्या चाकाची हवा कमी झाली तर पेट्रोल भरणारा पोरगाहि दाबून सांगतो. बुडाखालच्या चाकाची चौकशी संकट आल्यावरच होते.

म्हणून आमचा कौल पाठीस आहे. आपल्याकडे १९८५ सालीं निघालेल्या जिप्सीनें, २०१० च्या थारनें व २०२३ सालीं आलेल्या जिम्नीनें हीच जागा पसंत केली. छातीइतक्या उंचीवर तीन नट सोडले कीं चाक हातीं येतें. कोणास गाडीखालीं जावें लागत नाहीं. त्या सांजेनंतर आम्हांस एवढें एकच कारण पुरेसें वाटतें.

तथापि पाठीचे दोष लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कंपनीनें दिलेल्या चाकास दाराच्या बिजागऱ्या पुरतात. पण हौशी तरुण मागाहून दीडपट जड टायर घालतात व तोच दारावर चढवितात. मग वर्षाच्या आंत दार लोंबूं लागतें, खडखडतें व कडेनें पाणी आंत येतें. एवढें जड चाक घालावयाचें तर तें दारावर न टांगतां, गाडीच्या सांगाड्यास जोडलेल्या व स्वतःच्या बिजागरीवर फिरणाऱ्या लोखंडी बाहूवर टांगावें. त्यानें मागील दिवे व नंबराची पाटी झांकली जाऊं नये, हेंहि पाहावें. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. पाठीवरचें चाक मागल्या कांचेचा खालचा भाग झांकतें, आणि कबनूरच्या बोळांत गाडी मागें घेतांना तेथें कोणतें मूल खेळत असेल याचा नेम नाहीं. मागें दाखविणारे कॅमेरे हल्लीं मिळतात, परंतु आमच्या चिखलांत त्यांचे डोळे लौकरच मिटतात. चालकानें खालीं उतरून पाहावें, किंवा कोणास तरी मागें उभें करावें, ह्यावांचून उपाय आम्हांस ठाऊक नाहीं. पाठीची जागा घेणाऱ्यानें हें बंधन पत्करलेंच पाहिजे.

जादा चाकच नको, असाहि एक पक्ष निघाला आहे. २०२० सालीं केंद्र सरकारनें नियम बदलून, ट्यूबविरहित टायर, हवेचा दाब दर्शविणारी योजना व भोंक बुजविण्याचें साहित्य ज्या लहान प्रवासी गाड्यांत असेल त्यांस स्टेपनीची सक्ति माफ केली. शहरांत हें ठीक. खिळ्याचें भोंक बुजवितां येतें. फाळानें चिरलेली टायरची कड कोणत्या डिंकानें चिकटवावयाची?

आमचे स्नेही अद्यापि आमच्या मताचे झालेले नाहींत. दुसरी गाडी घेईन तेव्हां पाहूं, असें ते म्हणतात. मात्र मृग लागण्यापूर्वीं ते आतां एकदां स्टेपनी पुरती खालीं उतरवितात, रहाटास वंगण देतात, हवा भरून आणतात व चाक पुन्हां वर चढवितात. ह्या वर्षीं त्यांनीं त्या कामास आम्हांसहि बोलाविलें, आणि टॉर्चवाल्या त्या मुलासहि. तो दांडा फिरवीत बाहेर उभा होता.