सोनेरी डॉलरची किंमत

शेजारच्या खालाजान परवा रुमालात बांधून दोन नाणी घेऊन आल्या. अमेरिकेतल्या भाच्याने ईदी म्हणून दिलेले पिवळेधमक डॉलर. "बेटा, मोबाइलवर आलंय, एकेकाचे लाख रुपये मिळतात. आधी दोन हजार नोंदणी फी भरायची. नातीच्या कॉलेजची सोय होईल ना?"

आम्ही नाणी उजेडात धरली. एकावर पाठीशी बाळ घेतलेली शोशोनी जमातीची सकाजाविया, साल २०००. दुसऱ्यावर जॉर्ज वॉशिंग्टन, २००७. सोनं दोन्हींत गुंजभरही नाही. आत तांबं, वरून मँगनीजचं पितळ. आणि सकाजावियाचं नाणं त्या एका वर्षात सव्वाशे कोटींहून जास्त पाडलं गेलं. इतकं उदंड असलेलं नाणं एक डॉलरचंच राहतं.

मग लाखांच्या गोष्टी येतात कुठून? त्याच साली चीरिओज नावाच्या नाश्त्याच्या खोक्यांत ५,५०० डॉलर घातले गेले. पुढे २००५ मध्ये संग्राहकांना दिसलं, की त्यांतल्या काहींवरच्या गरुडाच्या शेपटीची पिसं नेहमीच्या नाण्यापेक्षा जास्त रेखीव आहेत. साचाच वेगळा! अशी नाणी हजारो डॉलरना विकली गेली. वॉशिंग्टनच्या डॉलरवर साल आणि अक्षरं नाण्याच्या कडेवर असतात. काही नाणी कड कोरी राहूनच बाहेर पडली. सुरुवातीला त्यांना शेकडो डॉलर मिळाले; तशी हजारो सापडली तेव्हा भाव कोसळला. चूक असून भागत नाही, ती दुर्मीळही राहावी लागते.

तिसरी गोष्ट नाण्याची अवस्था. सत्तरपैकी गुण देतात (आमच्या परीक्षकांपेक्षा कडक!), आणि वरच्या एकेका गुणाने किंमत उडी मारते. खालाजाननी सकाजाविया चिंच-मीठ लावून घासली होती. घासलेलं नाणं संग्राहक बाजूला ठेवतो.

भिंगातून पाहिलं. पिसं साधी, कडेवर अक्षरं पूर्ण.

"म्हणजे काहीच नाही?"

"दोन डॉलर, खालाजान. आणि फी अजिबात भरू नका. जुनी नाणी विकून देतो म्हणून पैसे उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये सावध केलंय."

त्या गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "नातू पैसे भरायलाच गेलाय."

फोन आम्हीच लावला. तो अजून रांगेत होता.