खेळातील सचोटी

सोयाबीनची सोंगणी आटोपली की बुलढाणा जिल्ह्यातील मोकळ्या शिवारांत मुलांचा क्रिकेटचा डाव रंगू लागतो. तेथे पुष्कळदा पंच नसतो, धावफलकही नसतो. तरीही खेळ चालतो, कारण दोन्ही बाजूंच्या मनांत एक विश्वास असतो. गोलंदाज गडी बाद करण्यासाठीच चेंडू टाकतो आणि फलंदाज धावा काढण्यासाठीच खेळतो, हा तो विश्वास होय. प्रत्येक खेळाचा पाया हाच आहे. तो खचला की मैदानावर उरते ते केवळ नाटक.

हा पाया कसा पोखरला जातो, याचे एक उदाहरण विदर्भातच, नागपूरच्या मैदानावर घडले. १९ मार्च २००० रोजी तेथे भारत व दक्षिण आफ्रिका यांचा एकदिवसीय सामना होता. पाहुण्या संघाचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए हा शिस्तप्रिय व धर्मनिष्ठ म्हणून ख्यातनाम होता. त्यानेच आपल्या दोन सहकाऱ्यांपुढे पैशांचा मोह ठेवला. हर्शेल गिब्जने २० पेक्षा कमी धावांत बाद व्हावे, गोलंदाज हेन्री विल्यम्सने ५० हून अधिक धावा द्याव्यात आणि प्रत्येकाने १५,००० डॉलर घ्यावेत, असा तो बेत होता. दोघांनीही होकार दिला. प्रत्यक्षात गिब्जने ७४ धावा काढल्या, तर खांदा दुखावल्यामुळे विल्यम्सला दोन षटकेही पुरी करता आली नाहीत. बेत फसला.

पुढच्याच महिन्यात दिल्ली पोलिसांनी क्रोनिए व सट्टेबाज यांचे दूरध्वनीवरील संभाषण उघडकीस आणले. न्यायमूर्ती एडविन किंग यांच्या आयोगापुढे खेळाडूंनी कबुली दिली. क्रोनिएवर आजन्म बंदी आली. गिब्ज व विल्यम्स यांनाही सहा महिने आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळता आले नाही.

गिब्जने तर ७४ धावा काढल्या, मग त्याचा अपराध तो कोणता, असे कोणी विचारील. परंतु थोडा विचार करावा. उत्तम फलंदाजही प्रामाणिकपणे खेळून १५ धावांवर बाद होतो, आणि पैसे घेतलेला फलंदाजही १५ धावांवर बाद होऊ शकतो. चूक आणि लबाडी बाहेरून अगदी सारखीच दिसतात. दोहोंतील भेद ज्याच्या मनात असतो, त्यालाच तो ठाऊक असतो. म्हणून होकार देताक्षणीच खेळाडू विकला जातो. धावफलकावर पुढे काहीही लिहिले जावो.

या व्यवहाराची झळ निरपराध खेळाडूंनाही पोहोचते. एकदा संशय शिरला की एखाद्याच्या हातून सहज सुटलेला झेलही लोकांना विकत घेतलेला वाटू लागतो. मलकापूरहून किंवा शेगावहून रात्रीच्या गाडीने सामना पाहण्यास जाणाऱ्या प्रेक्षकाने तिकिटाबरोबर आपला विश्वासही दिलेला असतो. फसवणूक होते ती त्या विश्वासाची.

हा दोष परक्यांचाच आहे, असेही समजू नये. संघांशी संबंधित मंडळींनी सट्टा लावल्याच्या प्रकरणी न्यायमूर्ती लोढा यांच्या समितीने २०१५ साली आयपीएलमधील दोन संघांना दोन वर्षांसाठी निलंबित केले होते.

मोह प्रथम लहान रूपानेच येतो. जानेवारी २००० मध्ये सेंच्युरियन येथे पावसामुळे वाया जाणारा कसोटी सामना निकाली व्हावा, एवढीच एका सट्टेबाजाची इच्छा होती. क्रोनिएने दोन्ही संघांनी एकेक डाव सोडून द्यावा, अशी तडजोड घडवून आणली. त्याच्या खिलाडूपणाची वाहवा झाली. पुढे कळले की त्याने त्या सट्टेबाजाकडून काही रक्कम आणि एक चामडी जाकीट स्वीकारले होते. चंचुप्रवेश होतो तो असा.

म्हणूनच आज क्रिकेटचा नियम कडक आहे. पैशांचे आमिष आले तर ते नाकारून भागत नाही. ते अधिकाऱ्यांना कळवावेच लागते. बांगलादेशचा नामांकित खेळाडू शाकिब अल हसन याने ते कळवले नाही, एवढ्यावरूनच २०१९ साली त्याच्यावर बंदी घालण्यात आली.

परंतु नियम आणि पोलीस सर्वत्र पोहोचू शकत नाहीत. शाळेच्या सामन्यात चेंडू बॅटीला निसटता लागला, तर पंचाला तो आवाज कधी ऐकू येतो, कधी येत नाही. फलंदाजाला मात्र बहुधा कळते. त्या क्षणी तो काय करतो, यावरून त्याची खरी परीक्षा होते. जो तेथे उत्तीर्ण होतो, त्याला विकत घेणे कोणत्याही सट्टेबाजाला कठीण जाते.