दहावीचे वारसापत्र

जानेवारी उजाडला की अमरावती-अकोल्याच्या शाळा-महाविद्यालयांतून निरोप समारंभांची लगबग सुरू होते. पूर्वी बारावीची परीक्षा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आणि दहावीची मार्चमध्ये लागत असे. २०२५ साली बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. परीक्षा अशी अलीकडे आल्यामुळे निरोपही आता थेट संक्रांतीच्या तिळगुळाला येऊन भिडला आहे. नववीने दहावीला आणि अकरावीने बारावीला निरोप द्यावयाचा, ही रीत मात्र जुनीच. वर्गणी जमते, मंडप नसला तरी माईक येतो, मुली आईच्या ठेवणीतल्या साड्या नेसतात, मुले थोरल्या भावाच्या लग्नातला ब्लेझर अंगात कोंबतात. समोशाची मागणी नोंदविताना ‘जैन किती?’ असा प्रश्न विचारला जातो, आणि कच्च्या केळ्याचे सारण भरलेले दहा-बारा समोसे वेगळ्या डब्यातून येतात. (ते सर्वांत आधी संपतात आणि ज्यांच्यासाठी आणले त्यांच्या वाट्याला फरसाण उरते, हा भाग वेगळा.) मुख्याध्यापकांचे भाषण होते. ते कोणी ऐकत नाही. कारण सगळ्यांचे लक्ष टेबलावरच्या त्या पुठ्ठ्याच्या खोक्याकडे असते.

त्या खोक्याला मुले फिशपाँड म्हणतात. इंग्रजांच्या जत्रेतील हा खेळ. हौदात गळ टाकावा आणि जी वस्तू लागेल ती आपली म्हणावी. आपल्याकडे वस्तूंच्या जागी चिठ्ठ्या आल्या आणि चिठ्ठीवर कोणाचे तरी नाव व त्याला उद्देशून एक विनोदी ओळ आली. मराठीने याला जे नाव दिले ते फार सुंदर आहे: शेलापागोटे. शेला आणि पागोटे ही मानाची वस्त्रे. लग्नकार्यात व्याह्याला, सभेत पाहुण्याला ती द्यावयाची. थट्टेच्या ओळीला हे नाव देणाऱ्याने थोडी खोडी केली, हे खरेच. परंतु थट्टा ज्याची करावयाची त्याला आधी मानाने समोर बसवावे लागते, हेही त्या नावात आपोआप येऊन गेले. आपल्या बाजारपेठेत पागोटे म्हटले की आधी दुकानाची पगडीच आठवते, आणि ती कोणी गुपचूप, नाव न सांगता देत नाही. शाळेतले शेलापागोटे मात्र निनावी असते. सारी अडचण तिथे आहे.

वऱ्हाडात विनोदाचे दुर्भिक्ष कधीच नव्हते. पाऊस, कापसाचा भाव आणि विनोद या तिहींपैकी तिसरा तेवढा इथे भरवशाचा. डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांनी ‘मिर्झा एक्सप्रेस’मधून ही बोली हसवत हसवत महाराष्ट्रभर फिरविली. तिचा चांगला विनोद ऐकताना एक गोष्ट ध्यानात येते: बोलणारा बहुधा आधी स्वतःची फजिती सांगतो. आपली बैलजोडी, आपली बायको, आपले कर्ज, आपलीच अक्कल. दुसऱ्याचा नंबर नंतर. हा क्रम सांभाळला की कोणाला झोंबत नाही. खोक्यातल्या चिठ्ठ्यांत हाच क्रम हरवतो. लिहिणारा अदृश्य, वाचणारा सूत्रसंचालक ‘मी नाही बुवा लिहिले’ म्हणून मोकळा, आणि ज्याचे नाव आले तो दोनशे जणांसमोर एकटा उभा. त्याने हसायचेच असते. न हसला तर ‘याला विनोद कळत नाही’ ही दुसरी चिठ्ठी तयारच असते.

या चिठ्ठ्यांत रंग, उंची, वजन, तोतरेपणा हे विषय सगळीकडेच असतात. आपल्या घरांतील मुलांच्या वाट्याला मात्र दोन ठराविक विनोद येतात, आणि ते इतके जुने आहेत की त्यांना सांगण्याइतपतही श्रम पडत नाहीत. मुलासाठी: ‘याला टक्के कशाला? याचा गल्ला भरलेला आहे.’ मुलीसाठी: ‘पुढच्या निरोपाला ही येईल, पण कडेवर कोणीतरी असेल.’ लोक हसतात. पहिल्या विनोदात ज्या मुलाला खरोखर पदार्थविज्ञान शिकावयाचे आहे त्याचा अभ्यास खोटा ठरतो. ज्याला मनापासून दुकानात बसावयाचे आहे त्याची निवडही आळस ठरते. एका ओळीत दोघेही गेले. दुसऱ्या विनोदाविषयी अधिक काय लिहावे? सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने पुढे काय शिकावे याची चर्चा अनेक घरांत त्याच महिन्यात चाललेली असते, आणि चर्चेचा निकाल काय लागणार ते तिच्या वर्गाने आधीच टाळ्या वाजवून जाहीर करून टाकलेले असते.

हे विनोद शाळेत जन्मले, असे मानून शिक्षकांकडे बोट दाखविणे सोपे आहे. पण ते गल्ल्याजवळ आणि जेवणाच्या ताटांवरच जन्मलेले आहेत. पाहुण्यांसमोर ‘आमच्या साहेबांना डॉक्टर व्हायचंय म्हणे, मग दुकान कोण सांभाळणार, नोकर?’ असे हसत हसत कोण म्हणते? मुले ऐकतात आणि चिठ्ठीवर उतरवून काढतात, एवढेच.

पूर्वी अशी ओळ संध्याकाळपर्यंत जगत असे. आता तिचे चित्रण होते आणि रात्री जेवणाआधी ती चार गटांत फिरून मामांच्या भ्रमणध्वनीवर पोहोचते. शिवाय आपली गावे केवढी? वर्गातले निम्मे विद्यार्थी कोटा, पुणे, नागपूर अशा वाटांनी जातील आणि त्यांतले पुष्कळ परत येणार नाहीत. उरलेले जवाहर मार्गावर नाहीतर टिळक मार्गावर समोरासमोरच्या दुकानांत पुढची चाळीस वर्षे एकमेकांकडून सुटे पैसे मागणार आहेत. शाळेच्या मंचावर चिकटलेले टोपणनाव त्यांच्या पाटीपेक्षा अधिक टिकते. ग्राहकही ‘अमुक क्लॉथ स्टोअर्स’ म्हणत नाही, ‘त्या ढोल्याचे दुकान’ म्हणतो.

महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरुद्ध कायदा केला, त्याच्या व्याख्येत शारीरिक त्रासाबरोबर मानसिक इजा, लाज आणि संकोच यांचाही उल्लेख आहे आणि चिडविणे व थट्टा करणे यांचाही. दोन वर्षांपर्यंतचा कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंतचा दंड सांगितलेला आहे. प्रत्येक खोक्यामागे कलम लावावे असे कोणी सुचविणार नाही. परंतु ‘गंमत होती हो!’ हे उत्तर कायद्यालाही सर्वस्वी पुरेसे वाटले नाही, हे पालकांना ठाऊक असलेले बरे. आणि कायद्याच्या पुष्कळ आधी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्यव्रताच्या पाच भावना सांगताना क्रोध, लोभ आणि भय यांच्याच ओळीत हास्याचाही त्याग सांगितलेला आहे. हसविण्याच्या भरात माणूस जे नाही ते बोलून जातो, हे आपल्या आचार्यांनी बारकाईने पाहिले होते.

मग काय, खोके बंद करून दोन तास भाषणेच करावयाची? नको. ज्या वयात डोळ्यांत पाणी येणे लाजिरवाणे वाटते त्या वयात निरोपाला हसण्याचाच आधार असतो. ते काढून घेतले तर मुले सभागृहाबाहेर, सायकल स्टँडवर याहून वाईट हसतील. मुद्दा एवढाच की हसणे कोणाच्या खर्चाने व्हावे. व्यापाऱ्याच्या घरात हा प्रश्न विचारायला संकोच नसावा.

अमेरिकेतील शाळांत एक जुनी चाल आहे. तेथे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी जाण्यापूर्वी धाकट्यांच्या नावे एक लटके मृत्युपत्र लिहितात. वकिली थाटात, ‘शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाविना’ अशी प्रस्तावना करून आपली ‘मालमत्ता’ वाटून टाकतात. कोणी मैदानाजवळची सायकल लावण्याची जागा देतो, कोणी उशिरा येण्याची सबब देतो, कोणी नाटकातली आपली भूमिका. ही पत्रे शाळांच्या वार्षिकांत छापली जातात. आपल्या घरांत मृत्युपत्र हा शब्द चहाच्या वेळी उच्चारत नाहीत, म्हणून त्याला वारसापत्र म्हणू. या चालीत दोन गोष्टी हिशेबाच्या आहेत. खाली सही असते, म्हणजे लिहिणारा दिसतो. आणि देणाऱ्याला काहीतरी द्यावेच लागते. देताना हसू होते ते बहुधा देणाऱ्याचेच, कारण ज्या वस्तू तो वाटतो त्या त्याच्याच उचापतींतून जमलेल्या असतात.

वऱ्हाडी मुलांच्या हाती हा कागद पडला तर तो काहीसा असा उतरावा: ‘म्या माही खिडकीजवळची जागा नववीच्या पोट्ट्यायले देऊन टाकली. मार्चात तिथं इतकं ऊन येते का बूड भाजते, पन ग्राउंड पुरं दिसते.’ कोणी लिहील, ‘भूमितीची वही देत आहे. पहिली आठ पाने उपयोगी आहेत; नंतर मी आजारी होतो, असे मी घरी सांगितले होते.’ एखादी मुलगी लिहील, ‘वक्तृत्व स्पर्धेत दुसऱ्या मिनिटाला विसरण्याचा माझा विक्रम आठवीतल्या त्या बारीक आवाजाच्या मुलीला देते. तिने तो मोडावा. मी विसरले तेव्हा आकाश कोसळले नाही, हे मी स्वतः तपासून पाहिलेले आहे.’ हे ऐकून सभागृह हसेल, आणि आठवीतली ती मुलगी पुढच्या वर्षी नाव देईल, असा संभव आहे.

व्यवस्था फार लागत नाही. खोके ठेवायचेच तर कागदावर लिहिणाऱ्याचे नाव हवे, आणि ते मंचावर वाचले जाईल हे आधी सांगावे. चिठ्ठ्या आठ दिवस आधी घ्याव्यात. निवड एकट्या शिक्षकाकडे देऊ नये. त्याला अर्धे विनोद कळत नाहीत आणि उरलेले त्याच्यावर असतात. दोन विद्यार्थी, दोन विद्यार्थिनी आणि एक शिक्षक पुरेत. शिक्षकांवरचे विनोद गाळू नयेत. वर्षभर त्यांनी केलेल्या विनोदांची ती परतफेड असते. जात, शरीर, घरची परिस्थिती आणि लग्न हे चार विषय मात्र दारातच थांबवावेत. घरी मुलगा किंवा मुलगी मजकूर लिहावयास बसली तर वडिलांनी डोकावून ओळी सुचवू नयेत. आपल्या पिढीच्या ओळी कोणत्या होत्या ते वर आलेच आहे.

आणि ज्याला खरोखरच दुकानात बसावयाचे आहे, त्याने दुसऱ्या कोणी चिठ्ठी टाकण्याआधी आपलेच कलम लिहून टाकावे: ‘मी कोठेही जात नाही. सकाळी दहा ते रात्री नऊ गादीवर सापडेन. नववीत ज्याला शेकडेवारी जमत नाही त्याने सायंकाळी सहानंतर वही घेऊन यावे. उधारीची खतावणी समोर ठेवून व्याज शिकवीन. पुस्तकातल्यापेक्षा लवकर समजते. चहा दुकानाकडून. वर्गातल्या मित्रांना मात्र उधार मिळणार नाही, बाबांनी तसे लिहून घेतले आहे.’