सजावट दिसते छान, पण ती वाजते का?



गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा ऐकताना छातीत 'धुम् धुम्' असं काहीतरी जाणवतं ना? ते काम बहुधा बेस गिटारचं असतं. लांब दांडी आणि चार जाड तारा. तिची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते, म्हणजे साध्या गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या निम्म्यानंच. म्हणून तिचा सूर इतका खोल!

आमच्या आळीतल्या आठवीतल्या एका मुलाला त्याच्या मामानं अशी एक जुनी इलेक्ट्रिक बेस गिटार दिली. तिची पांढरी प्लास्टिकची प्लेट पिवळी पडलेली, वर चरे. मित्र म्हणाले, "अरे, म्हणूनच हिचा आवाज मंद येतो! चकचकीत प्लेट बसव, सोनेरी बटणं लाव, मग बघ!" पठ्ठ्यानं लगेच खाऊच्या पैशांचा डबा फोडला. पण आईनं विचारलं, "यानं आवाज खरंच बदलेल का रे?"

प्रश्न मोठा शहाणपणाचा. चला, तोच सोडवू या.

आधी आवाज येतो कुठून ते पाहू. आजोबांच्या सायकलीला डायनामो असायचा, आठवतो? त्यात लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं असे. चुंबक फिरला की वेटोळ्यात वीज तयार व्हायची. हे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधून काढलं. इलेक्ट्रिक बेसमध्ये तारांच्या खाली असंच चुंबक आणि वेटोळं असतं. त्याला म्हणतात पिकअप. वर लोखंडी तार थरथरली की वेटोळ्यात बारीकशी वीज उमटते. तीच वीज अँप्लिफायरमध्ये मोठी होते आणि स्पीकरमधून आवाज बाहेर येतो.

आता सांगा, प्लास्टिकची प्लेट यात कुठे आली? ती तारेला टेकत नाही, चुंबकालाही तिचं काही देणंघेणं नाही. बटणांच्या सोनेरी टोप्यांचंही तसंच. म्हणजे प्लेट बदलून आवाज बदलणार नाही.

मग काही जणांना बदल ऐकू येतो तो कसा? गंमत पाहा. प्लेट बदलताना तारा काढाव्या लागतात, तेव्हा दुकानदार बहुधा नव्या ताराच चढवतो. नव्या तारा खणखणीत वाजतात आणि श्रेय मिळतं प्लेटला! कधी उघडझाप करताना पिकअप तारांच्या थोडा जवळ येतो, मग आवाज मोठा होतो. आणि कधी नुसते डोळेच कानांना फसवतात. नवं दिसलं की छान ऐकू येतं!

म्हणून शोभेची प्रत्येक वस्तू निरुपयोगीच का? थांबा, घाई नको. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली. तिच्यावर चकचकीत धातूची झाकणं असत. दिसायला निव्वळ दागिने! हात अडतो म्हणून पुष्कळ वादक ती काढून टाकत. पण तारा जिथे घोडीवर टेकतात, तिथल्या झाकणाच्या आत स्पंजासारखी एक पट्टी असे. ती तारांना हलकेच दाबून धरी. त्यामुळे सूर लांबत न जाता 'ठुम्' करून थांबे. डेट्रॉइट शहरातल्या मोटाऊन कंपनीच्या १९६० नंतरच्या कितीतरी गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमरसन यांनी ते झाकण काढलं नाही. ताराही ते सहसा बदलत नसत. त्यांचा तो गोल, दबका आवाज जगभर नावाजला गेला. म्हणजे खणखणीत तोच चांगला आवाज, असंही नाही बरं का!

आपला तंबोरा घ्या. भोपळ्यावरची सुंदर नक्षी पाहून आपण 'वा!' म्हणतो. पण घोडीवर तारेखाली सरकवलेला साधा सुती दोरा कुणाच्या लक्षातही येत नाही. तो किंचित पुढेमागे केला की जवारी लागते आणि तंबोरा गुंजू लागतो. काढा तो दोरा, गुंजन गेलंच!

तर नियम सोपा आहे. वस्तू चकाकते की नाही ते पाहू नका. जिथून आवाज निघतो, तिथे ती स्पर्श करते का, तेवढं पाहा. आमच्या त्या मित्रानंही हेच केलं. प्लेट पिवळीच ठेवली, फक्त तारा बदलल्या आणि उरलेले पैसे परत डब्यात टाकले.

घरी एक प्रयोग करा. झाकण काढलेल्या डब्यावर रबरबँड ताणून छेडा. मग डब्याला बाहेरून रंगीत चित्र चिकटवून पुन्हा छेडा. नंतर चित्र काढा आणि कडेजवळ रबराखाली स्पंजाचा तुकडा ठेवा. एका वेळी एकच बदल करायचा हं! ऐकणाऱ्यानं भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि आवाज बदलला की हात वर करायचा.

आणि पालकहो, पुढच्या वेळी एखादी जाहिरात 'हे लावा, फरक बघा' असं म्हणाली, तर मुलांना आधी डोळे मिटून फरक ओळखायला सांगा. पैसे तर वाचतीलच, शिवाय पारख करायची सवय आयुष्यभर पुरेल.

हात केव्हा वर झाला, ते आम्हांला जरूर कळवा!